विद्यापीठीय ग्रंथालय आणि मराठीचा अभ्यासक

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
● विद्यापीठीय ग्रंथालयाच्या कार्याचे स्वरूप सांगता येईल.
● ग्रंथालयाच्या तालिकेतून मराठी ग्रंथ शोधताना येणाऱ्या अडचणी ओळखून त्यांतून मार्ग काढता येईल.
● एखाद्या साहित्यकृतीच्या अभ्यासासाठी ग्रंथालयाचा टप्प्याटप्प्याने उपयोग करता येईल.
● अध्यापक व संशोधक यांना ग्रंथालयाकडून मिळणाऱ्या साहाय्याचे विवेचन करता येईल.
● दूरस्थ विद्यार्थी म्हणून स्वतःसाठी ग्रंथालयीन सोय मिळवता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुक्त विद्यापीठाची पुस्तिका आपल्या हाती येते आणि अभ्यास सुरू होतो. नोकरी, शेती, घरकाम सांभाळून शिकणाऱ्याला ही मोठी सोय आहे. परंतु या सोयीत एक धोकाही दडलेला आहे. पुस्तिकेत जेवढे आहे तेवढाच विषय, असा समज हळूहळू दृढ होतो. कादंबरीवरील घटक वाचून होतो. कादंबरी मात्र वाचायची राहून जाते. पुस्तिका ही वाटाड्यासारखी असते. वाटाड्याने दाखवलेले गाव पाहावयाचे असेल, तर ग्रंथालयाची पायरी चढावी लागते. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रंथालयाला विद्यापीठाच्या सर्व कार्याचे हृदय मानले होते. हे विधान मराठीच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात कसे लागू पडते, ते या घटकात पाहू.

२. विषय-विवेचन

२.१ ग्रंथसंग्रहाकडून ग्रंथसेवेकडे

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्याला जोडून राजाबाई मनोरा उभा राहिला. ही वास्तू आजही पाहणाऱ्याला थक्क करते. तथापि वास्तू आणि संग्रह म्हणजे ग्रंथालय नव्हे. कुलूपबंद कपाटे, 'ग्रंथ हरवू नये' हीच मुख्य काळजी आणि ग्रंथपाल म्हणजे राखणदार, ही कल्पना आपल्याकडे दीर्घकाळ टिकून होती.

या कल्पनेला छेद देणारे मोठे नाव म्हणजे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२-१९७२). ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयातील शांत, रिकाम्या दिवसांना ते प्रारंभी कंटाळले होते. परंतु इंग्लंडमधील ग्रंथालये पाहिल्यावर त्यांची दृष्टी पालटली. वाचक ग्रंथापर्यंत पोहोचला नाही तर संग्रह निरर्थक आहे, हे त्यांना जाणवले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांचा आशय असा :

१) ग्रंथ उपयोगासाठी आहेत.
२) प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा.
३) प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा.
४) वाचकाचा वेळ वाचवावा.
५) ग्रंथालय ही वाढती संस्था आहे.

हे सिद्धान्त वरवर साधे वाटतात. परंतु पहिला सिद्धान्त मान्य केला की ग्रंथालयाची वेळ, कपाटांची उंची, कर्मचाऱ्यांचे वर्तन या सर्वांचा नव्याने विचार करावा लागतो. दिवसभर नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ग्रंथालय संध्याकाळी बंद राहत असेल, तर तेथील ग्रंथ त्याच्यापुरते अस्तित्वातच नसतात.

२.२ विद्यार्थ्याला मिळणारे साहाय्य : एक उदाहरण

समजा, आपणांस हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीवर प्रकल्प करावयाचा आहे. 'ही कादंबरी तत्कालीन वाचकांनी कोणत्या रूपात वाचली?' असा प्रश्न आपण निवडला आहे.

पहिला टप्पा वर्गांकाचा. दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ असतो, कथा-कादंबरीचा ८९१.४६३. तेथे कादंबरी सापडेल. परंतु एकोणिसाव्या शतकातील स्त्रीजीवनावरचे ग्रंथ सामाजिक शास्त्रांच्या, म्हणजे ३०० च्या वर्गात असतील आणि त्या काळाचा राजकीय इतिहास ९५४ मध्ये. एकाच प्रश्नाची सामग्री तीन दालनांत विभागलेली असते. हे ज्याला ठाऊक नाही, तो एका कपाटाशी थांबतो आणि 'काही मिळाले नाही' म्हणून परततो.

दुसरा टप्पा आवृत्तीचा. कपाटातील प्रत कोणत्या आवृत्तीची आहे, लेखन जुन्या पद्धतीचे आहे की आधुनिक, प्रस्तावना कोणाची आहे, हे पाहून टिपून ठेवावे.

तिसरा टप्पा नियतकालिकांचा. ही कादंबरी आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे पहिल्या वाचकाने ती सलग वाचली नाही. यमूची कहाणी त्याला हप्त्याहप्त्याने कळली, इतर मजकुराच्या शेजारी कळली. आपल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही, 'करमणूक'च्या जुन्या अंकांत आहे. असे अंक कोठे शोधावेत, हे संदर्भ ग्रंथपाल सांगू शकतो. त्याच्या हाताशी सूची असतात. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित ग्रंथांची 'मराठी ग्रंथसूची' आणि तिचा १९५० पर्यंतचा पुढील खंड हे मराठीच्या अभ्यासकाचे पायाभूत साधन होय. कोणत्याही एका ग्रंथालयात काय आहे, हे त्याची तालिका सांगते. मराठीत काय छापले गेले, हे सूची सांगते. हा भेद विसरू नये.

चौथा टप्पा आंतरग्रंथालयीन देवघेवीचा. हवा असलेला ग्रंथ आपल्या ग्रंथालयात नसल्यास तो दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवता येतो किंवा आवश्यक पृष्ठांची प्रत मिळवता येते. दुर्मीळ अंक मात्र सहसा बाहेर दिले जात नाहीत. जुना कागद हाताळताना तुटतो. येथे 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हा सिद्धान्त आणि ग्रंथ पुढील पिढीसाठी राखण्याचे कर्तव्य यांचा संघर्ष होतो. सूक्ष्मपट आणि अंकीय प्रत हे त्यावरील उपाय आहेत.

२.३ तालिकेतील शोध आणि मराठीचे लेखन

संगणकीय तालिकेमुळे शोध वेगवान झाला. पण संगणक अक्षरे जुळवतो, अर्थ नव्हे. मराठीच्या विद्यार्थ्याला येथे तीन अडचणी येतात.

पहिली शुद्धलेखनाची. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनेक अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळे एकच शीर्षक 'लक्षांत' आणि 'लक्षात' अशा दोन रूपांत आढळते. 'हरि' आणि 'हरी' यांचेही तसेच. दुसरी अडचण लिपीची. अनेक तालिकांत मराठी शीर्षके रोमन अक्षरांत नोंदलेली असतात आणि ती नोंद करणाऱ्याच्या सवयीप्रमाणे बदलतात. तिसरी नावाची. केशवसुतांची कविता कोठे 'केशवसुत' या नावाखाली, तर कोठे 'दामले, कृष्णाजी केशव' या नावाखाली असते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांच्याबाबतही हाच अनुभव येतो.

म्हणून एका शोधाने निष्कर्ष काढू नये. शीर्षकातील एकच निश्चित शब्द घेऊन शोधावे, आडनावाने शोधावे, लिपी बदलून पाहावी. एवढे करूनही ग्रंथ न मिळाल्यास ग्रंथपालाला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. वाचकाचा वेळ वाचवणे हे त्याचे कामच आहे.

२.४ अध्यापक व संशोधक यांना मिळणारे साहाय्य

अध्यापकाला ग्रंथालय दोन बाजूंनी उपयोगी पडते. नव्या अभ्यासक्रमासाठी कोणते ग्रंथ उपलब्ध आहेत, हे ते आधी कळवते. आणि अध्यापकाच्या शिफारशीवरून नवे ग्रंथ खरेदी करते. अभ्यासक्रम ठरवताना ग्रंथपालाला विचारले नाही, तर ग्रंथयादीत मुद्रणबाह्य पुस्तके येतात आणि विद्यार्थी बाजारातील मार्गदर्शिकांकडे वळतो.

संशोधकासाठी गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचे 'शोधगंगा' हे भांडार महत्त्वाचे आहे. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध तेथे विनामूल्य वाचता येतात. त्यांत मराठी प्रबंधही आहेत. विषय निवडण्यापूर्वी ते चाळल्यास पुनरावृत्ती टळते. मात्र केवळ चित्ररूपात स्कॅन केलेल्या किंवा जुन्या टंकांत जुळवलेल्या प्रबंधांत शब्दशोध चालत नाही. अनुक्रमणिका उघडून वाचावी लागते.

वाङ्मयचौर्याची तपासणी हेही आता ग्रंथालयाकडे येणारे काम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साम्याच्या टक्केवारीनुसार कारवाईचे स्तर ठरवले असून १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. परंतु यंत्र केवळ शब्दांचे साम्य दाखवते. कल्पना उचलली आहे की नाही, हे मार्गदर्शकालाच ओळखावे लागते. संदर्भ कसा द्यावा याचे शिक्षण आधी देणे, हे ग्रंथालयाचे अधिक मोलाचे कार्य होय.

२.५ दूरस्थ विद्यार्थ्याचा प्रश्न

वरील सर्व विवेचन वाचून आपल्या मनात एक शंका येईल : हे सारे विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्यांसाठी आहे; माझे काय? शंका रास्त आहे. पूर्णवेळ विद्यार्थी दोन तासिकांच्या मधल्या वेळात ग्रंथालयात जातो. आपणांस त्यासाठी एक सुटी खर्ची घालावी लागते. म्हणूनच रंगनाथन यांचा दुसरा सिद्धान्त दूरस्थ शिक्षणात कसोटीला लागतो. 'प्रत्येक वाचकाला' या शब्दांतून दूरचा वाचक वगळता येत नाही.

संस्थेने करावयाचे ते संस्थेकडे मागावे : अभ्यासकेंद्र ज्या महाविद्यालयात आहे, तेथील ग्रंथालयाचा संपर्कसत्रांच्या दिवशी उपयोग करू देण्याची विनंती लेखी करावी. त्याचबरोबर आपल्या परिसरातील सार्वजनिक ग्रंथालय विसरू नये. १९६७ च्या अधिनियमामुळे महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना कायद्याचा आधार मिळाला. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचे १८९८ पासून मराठी वाचकाची सेवा करीत आहे. तालुक्याच्या वाचनालयातही जुन्या कादंबऱ्या आणि दिवाळी अंक यांचा मौलिक साठा असू शकतो. दूरच्या ग्रंथालयात जाण्यापूर्वी तालिका पाहून यादी करावी, वेळ व नियम विचारावेत, ओळखपत्र आणि अभ्यासकेंद्राचे शिफारसपत्र सोबत न्यावे. पूर्वतयारी केलेला एक दिवस तयारीविना केलेल्या चार फेऱ्यांपेक्षा अधिक फळ देतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) ग्रंथालयाची तालिका आणि ग्रंथसूची यांत कोणता भेद आहे?
आ) 'लक्षांत' व 'लक्षात' अशा दोन्ही रूपांनी शोध का घ्यावा?

३. सारांश

ग्रंथांचा संग्रह, त्यांची व्यवस्था आणि वाचकाला दिलेले मार्गदर्शन या तिन्हींतून विद्यापीठीय ग्रंथालय सिद्ध होते. विद्यार्थ्याला ते प्रश्नाकडून पुराव्याकडे नेते, अध्यापकाला अभ्यासक्रमात आणि संशोधकाला शोधकार्यात साथ देते. मराठी लेखनातील बदल व नावांची विविधता ध्यानी घेऊन शोध घ्यावा लागतो. दूरस्थ विद्यार्थ्याला ग्रंथालय हक्काने मागावे लागते आणि तयारीने वापरावे लागते.

४. पारिभाषिक शब्द

तालिका : ग्रंथालयातील ग्रंथांची पद्धतशीर नोंद.
वर्गांक : विषयानुसार ग्रंथाला दिलेला क्रमांक.
सूक्ष्मपट : मजकुराचे लहान आकारातील छायाचित्रण असलेली फीत.
मुद्रणबाह्य : पुन्हा छापला न गेल्याने विक्रीस उपलब्ध नसलेला.

५. स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) तालिका एका ग्रंथालयातील ग्रंथ दाखवते; सूची विशिष्ट भाषेत, काळात वा विषयात प्रसिद्ध झालेले ग्रंथ दाखवते.
आ) लेखननियम बदलल्याने एकाच शीर्षकाच्या नोंदी भिन्न रूपांत आढळतात आणि संगणक केवळ अक्षरे जुळवतो.

६. सरावासाठी स्वाध्याय

१) रंगनाथन यांच्या पाच सिद्धान्तांच्या आधारे आपल्या परिसरातील एका ग्रंथालयाचे परीक्षण करा.
२) अभ्यासक्रमातील एक साहित्यकृती निवडा. तिच्या किमान दोन आवृत्त्या शोधून त्यांतील फरक नोंदवा.
३) 'दूरस्थ विद्यार्थी आणि ग्रंथालय' या विषयावर स्वानुभवाच्या आधारे टिपण लिहा.