विशालकोनी भिंग

नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा हे तालुक्याचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. गावाच्या उत्तरेस पर्वताची निळसर रांग पसरलेली दिसते. दक्षिणेस तापीचे सुपीक खोरे आहे. मोकळ्या शेतात उभे राहून ही रांग पाहिली, की तिचे छायाचित्र घ्यावे असे कोणालाही वाटेल. परंतु साधा कॅमेरा डोळ्याला लावताच ध्यानात येते, की त्यात रांगेचा एक तुकडा तेवढा मावतो. बाकीचा पर्वत चौकटीबाहेर राहतो.

अशा वेळी मनात येते, की याहून अधिक रुंद पाहणारे भिंग आपल्याजवळ असते तर किती बरे झाले असते! असे भिंग असते. त्यास विशालकोनी भिंग म्हणतात. आणि त्यातही जे फारच रुंद पाहते, त्यास अतिविशालकोनी भिंग म्हणतात. हल्ली पुष्कळ मोबाइल फोनमध्येही असे एक भिंग बसविलेले असते व पडद्यावर ‘०.५’ ही खूण दाबताच ते काम करू लागते. मात्र ते कशासाठी वापरावे, याविषयी अनेकांच्या मनात एक गैरसमज असतो. ‘पुष्कळ दिसते, म्हणजे चित्र भव्य येणारच,’ असे त्यांना वाटते. हे कितपत खरे आहे, ते आपण पाहू.

प्रथम हे भिंग रुंद कसे पाहते, ते समजून घेऊ. घरातील खिडकीपासून चार पावलांवर उभे राहून बाहेर पाहा. रस्त्याचा लहानसा भाग दिसेल. आता खिडकीच्या अगदी जवळ जा. खिडकी तीच, तरीही रस्त्याची दोन्ही टोके दिसू लागतील. कॅमेऱ्यातही असेच घडते. ज्या फिल्मवर किंवा सेन्सरवर चित्र उमटते, ती झाली खिडकी. आणि भिंगापासून तिचे अंतर म्हणजे तुमचे खिडकीपासूनचे अंतर. दूरची वस्तू स्पष्ट दिसत असताना या अंतरास भिंगाचे ‘नाभीय अंतर’ म्हणतात. ते जितके कमी, तितका दृश्याचा कोन मोठा.

पूर्वीपासून प्रचारात असलेल्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असते. तिच्यावर ५० मिलिमीटरचे सामान्य भिंग सुमारे ४० अंशांचा आडवा कोन पाहते. २४ मिलिमीटरचे भिंग सुमारे ७४ अंश, २० मिलिमीटरचे ८४ अंश आणि १४ मिलिमीटरचे तब्बल १०४ अंश पाहते. साधारणपणे २४ मिलिमीटरपेक्षा कमी नाभीय अंतराच्या भिंगांना अतिविशालकोनी म्हणण्याचा प्रघात आहे.

आता हे भिंग कोठे उपयोगी पडते ते पाहू. तळोद्यात बारगळ घराण्याची जुनी गढी आहे. पुढे मराठ्यांचे थोर सेनानी म्हणून प्रसिद्धीस आलेले मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) लहानपणी वडिलांच्या निधनानंतर तळोद्यास आपले मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढले. मामांची कन्या गौतमाबाई ही त्यांची पत्नी झाली. अशा ऐतिहासिक वास्तूची चित्रे जपून ठेवणे अगत्याचे असते. कारण ऊन, पाऊस आणि काळ यांपुढे मातीविटांच्या भिंती कायम टिकत नाहीत. उद्या एखादी भिंत ढासळली, तर ती कशी होती हे चित्रच सांगू शकेल.

समजा, अशा एखाद्या वास्तूची १८ मीटर रुंद भिंत एका चित्रात यावयास हवी. गणित अगदी सोपे आहे. १८ मीटरची भिंत ३६ मिलिमीटरच्या चौकटीत बसवावयाची, म्हणजे नाभीय अंतर जितके मिलिमीटर असेल, त्याच्या निम्मे मीटर आपल्याला मागे जावे लागेल. ५० मिलिमीटरच्या भिंगास २५ मीटर, २४ मिलिमीटरच्या भिंगास १२ मीटर, २० मिलिमीटरच्या भिंगास १० मीटर. समोरचा चौक जर १३ मीटरच लांब असेल, तर ५० मिलिमीटरचे भिंग तेथे निरुपयोगी ठरेल. तेथे २४ मिलिमीटरचे भिंग हवे. परंतु म्हणून १४ मिलिमीटरचे भिंग लावण्याचे कारण नाही. ते लावले तर भिंत लहान होऊन तिच्याभोवती नको असलेले आकाश व जमीन तेवढी वाढेल. निवडीचा पहिला नियम हाच : जेवढा कोन कामास पुरतो, तेवढाच घ्यावा.

आता पुन्हा पर्वताकडे वळू. समजा, १२ किलोमीटरांवर एक डोंगर आपल्यापेक्षा ६०० मीटर उंच उभा आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाने फिल्मवर त्याची उंची अडीच मिलिमीटर भरेल. २० मिलिमीटरच्या भिंगाने ती केवळ एक मिलिमीटर भरेल. म्हणजे पर्वताची सगळी रांग चौकटीत आली खरी. पण ती वारुळांच्या ओळीसारखी दिसू लागली! जे भव्य वाटले म्हणून आपण चित्र घ्यावयास गेलो, तेच क्षुद्र झाले. पर्वताची भव्यता दाखवावयाची तर पुष्कळदा मोठ्या नाभीय अंतराचे भिंग घेऊन त्याचे एकच शिखर टिपणे बरे.

मग मोकळ्या रानात या भिंगाचा उपयोगच नाही काय? आहे, पण तो निराळा आहे. समजा, त्याच जागी दोन मीटरांवर १.२ मीटर उंचीचा एक मुलगा उभा आहे. २० मिलिमीटरच्या भिंगाने त्याचे चित्र फिल्मवर १२ मिलिमीटर उंच, म्हणजे चौकटीच्या निम्म्याइतके, येईल. मागे पर्वत एका मिलिमीटरचा, पुढे मुलगा बारा मिलिमीटरांचा! जवळची वस्तू ठळक आणि तिच्या पाठीमागे तिचा सारा मुलूख, असे चित्र या भिंगाने साधते. दिवाळीच्या दिवसांत सातपुड्यातील अस्तंभा शिखराची यात्रा असते. हे शिखर सुमारे १,३२५ मीटर उंच आहे. तळोद्यावरून या यात्रेस जाणाऱ्या एखाद्या वाटसरूचे चित्र घ्यावयाचे झाले, तर दुरून घेतलेल्या चित्रात तो ठिपक्याएवढा दिसेल. त्याच्याजवळ दोन पावलांवर गेलो, तर त्याच्या हातातील काठी, पायांवरील धूळ आणि पुढे डोंगराकडे वळत गेलेली वाट ही सारी एका चित्रात येतील.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जवळचे मोठे व दूरचे लहान दिसते, ते भिंगामुळे नव्हे. आपण कोठे उभे आहोत त्यामुळे. एक मडके एका मीटरवर व तसेच दुसरे तीन मीटरांवर ठेवा. पहिले दुसऱ्याच्या तिप्पट मोठे दिसेल. आता चार मीटर मागे सरा. मडकी पाच व सात मीटरांवर गेली. पहिले दुसऱ्याच्या दीडपटही दिसणार नाही. विशालकोनी भिंग आपल्याला जवळ जाऊनही सभोवतालचे पाहू देते, एवढेच त्याचे कार्य. म्हणून जाणते छायाचित्रकार म्हणतात, की हे भिंग सारे कोंबण्यासाठी नसून जवळ जाण्यासाठी आहे.

जवळ जाताना काही पथ्ये पाळावी लागतात. चौकटीच्या कडेशी आलेली गोल वस्तू ताणली जाते. २० मिलिमीटरच्या भिंगाने डाव्या अथवा उजव्या कडेचे गोल मडके सुमारे एकतृतीयांशाने लांबट दिसते. हा भिंगाचा दोष नव्हे. सपाट फिल्मवर इतका मोठा कोन उमटवावयाचा म्हटला की असे होणारच. मडक्याची गोष्ट वेगळी. पण कडेला माणसाचा चेहरा आला, तर तो विद्रूप होतो. वर्गाचे चित्र घेताना टोकाच्या मुलांना अशी शिक्षा का द्यावी? त्यांना मध्याकडे घ्यावे, किंवा चार पावले मागे जाऊन सामान्य भिंग वापरावे.

दुसरे पथ्य कॅमेरा समपातळीत धरण्याचे. उंच भिंतीसमोर कॅमेरा वर रोखला, की भिंतीच्या उभ्या कडा वर एकमेकींकडे झुकतात आणि वास्तू पाठीमागे कलंडल्यासारखी दिसते. कॅमेरा सरळ धरावा. शक्य असल्यास ओट्यावर किंवा पायरीवर चढून चित्र घ्यावे. पुढे जमिनीचा जास्तीचा भाग आला तर तो नंतर कापून टाकावा. तिसरे पथ्य सूर्याचे. इतक्या रुंद दृश्यात सूर्य सहज शिरतो आणि चित्रावर प्रकाशाचे डाग पडतात. स्वतःची सावलीही चित्रात येते. म्हणून कळ दाबण्यापूर्वी चारही कोपरे पाहून घ्यावेत.

या भिंगाचा एक मोठा गुण म्हणजे त्याची स्पष्टता फार खोलवर पोहोचते. भिंगातील प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करता येते. त्याचा क्रमांक जितका मोठा, तितके छिद्र लहान. २० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र ११ या क्रमांकावर ठेवून १.२ मीटर अंतर साधले, तर सुमारे ६० सेंटिमीटरांपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते. पायाजवळचे फूल आणि दूरचा डोंगर, दोन्ही स्वच्छ!

या भिंगाचा एक स्वाभाविक उणेपणाही आहे. चित्राच्या कोपऱ्यांत प्रकाश कमी पोहोचतो. साध्या रचनेच्या भिंगात मध्यापासून ४५ अंशांवर प्रकाश चौथाईच उरतो. बर्लिन येथील गोएर्झ कंपनीने १९०० साली ‘हायपरगॉन’ नावाचे भिंग तयार केले. अर्धगोलासारख्या वळलेल्या दोन पातळ काचांचे हे भिंग १३५ अंश पाहत असे. त्यात मध्यभाग फार उजळ व कडा काळ्या पडत. यावर कारागिरांनी नामी युक्ती काढली. भिंगासमोर चांदणीच्या आकाराचे एक चिमुकले चक्र बसविले व हवेच्या फुंकेने ते फिरविले. फिरते चक्र मध्यावरचा प्रकाश अडवी, कडांचा अडवीत नसे. त्यामुळे दोहोंचा मेळ बसे. आजची भिंगे अनेक काचांची असून हा दोष त्यांत बराच कमी झालेला आहे.

भिंग विकत घेताना काय पाहावे? प्रथम आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर किती मोठा आहे ते पाहावे. पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांत तो ३६ मिलिमीटर रुंद नसून सुमारे २४ मिलिमीटर असतो. खिडकीच लहान झाली, म्हणून तेथे २० मिलिमीटरचे भिंग ३० मिलिमीटरच्या भिंगाएवढेच रुंद पाहते. त्यानंतर एखाद्या विटांच्या सरळ भिंतीचे चित्र घेऊन पाहावे. विटांचे थर कडेला फार वाकडे किंवा कोपऱ्यांत अंधुक येत असतील, तर ते भिंग वास्तूच्या चित्रांस योग्य नव्हे. अंधाऱ्या खोलीत किंवा रात्री काम करावयाचे असेल, तरच मोठ्या छिद्राचे महाग व जड भिंग घ्यावे. दिवसाच्या डोंगरदृश्यांस साधे व हलके भिंग पुरते. समोरची काच फुगीर असेल तर तिला ओरखडे लवकर पडतात, हेही ध्यानात ठेवावे. आणि पैसे खर्च करण्यापूर्वी स्वतःला विचारावे, ‘मी जवळ जाऊन चित्रे घेतो का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर हे भिंग पेटीतच पडून राहील.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दूरवरून चित्र घेणाऱ्यास कोणी पाहत नाही. या भिंगाचा धनी मात्र माणसाच्या अगदी पुढ्यात उभा असतो. सातपुड्यातील होळीत मोरपिसांचे टोप आणि कमरेस घुंगरू बांधून आदिवासी बांधव नाचतात. तो त्यांचा सण आहे, आपला तमाशा नव्हे. नाचाच्या रिंगणात कॅमेरा घुसवून, कोणाचा चेहरा कडेला ताणून विचित्र करून आणलेले चित्र कितीही चमकदार असो, ते खरे नव्हे. आधी विचारावे, होकार मिळाला तर जवळ जावे, आणि घेतलेले चित्र त्यांना दाखवावे. भिंगाचा कोन कारखान्यात ठरतो. माणसाच्या किती जवळ जावे, हे आपल्या सौजन्याने ठरवावे लागते.

स्वाध्याय

१. खिडकीच्या उदाहरणावरून ‘नाभीय अंतर’ म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.

२. कारणे द्या : (अ) विशालकोनी भिंगाने दूरचा पर्वत वारुळासारखा दिसतो. (आ) वर्गाच्या चित्रात टोकाच्या मुलांना मध्याकडे घ्यावे.

३. गणित करा : एक देऊळ ९ मीटर रुंद आहे. २४ मिलिमीटरच्या भिंगाने ते ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत पूर्ण बसविण्यासाठी किती मीटर दूर उभे राहावे लागेल?

४. वाक्यांत उपयोग करा : अगत्याचे असणे, प्रसिद्धीस येणे, नामी युक्ती काढणे, मेळ बसणे.

५. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूचे चित्र घ्यावयाचे आहे. त्यासाठी वास्तूच्या मालकांची परवानगी मागणारे पत्र लिहा.