आजोबा आशेरीगडावर, पाय चिंचणीच्या समुद्रात: फोटो मिक्सिंगला पैसे कुठे जातात?

आजोबा आशेरीगडावर बसलेत आणि पाय थेट चिंचणीच्या समुद्रात सोडलेत, असा फोटो पंचाहत्तरीला भेट द्यायचाय? बोईसरजवळच्या बेटेगावात घरबसल्या होतो. सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागत नाही. पैसे जातात ते भलतीकडे: बंद करायला विसरलेल्या वर्गणीत, स्टुडिओच्या ‘करेक्शन’मध्ये आणि छपाईला न पुरणाऱ्या फाइलमध्ये.

आधी सॉफ्टवेअर. फोटोपी ब्राउझरमध्ये उघडतं, फुकट आहे, कडेला जाहिराती दिसतात. फोटो तुमच्याच संगणकावर राहतो, कुठे अपलोड होत नाही. मांडणी फोटोशॉपसारखी, म्हणून यूट्यूबवरचे फोटोशॉपचे धडे जवळपास तसेच चालतात. गिंपही मोफत आणि नेट नसताना चालणारं, पण हात बसायला वेळ घेतं. अफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून मोफत झालंय. त्याला कॅनव्हाचं खातं लागतं आणि एआयच्या सोयींचे पैसे वेगळे. पहिल्या फोटोला फोटोपी पुरे.

फोटोशॉपच हवं असेल तर बटण दाबण्याआधी प्लॅनचं नाव नीट वाचा. ७ दिवस मोफत, पण कार्ड आधी द्यावं लागतं आणि आठव्या दिवसापासून पैसे सुरू. स्वस्त दिसणारा प्लॅन ‘वर्षाचा करार, महिन्याचा हप्ता’ असा असतो. पहिल्या १४ दिवसांत रद्द केलात तर पैसे परत; नंतर सोडलात तर उरलेल्या हप्त्यांची निम्मी रक्कम भरावी लागते. समजा हप्ता १,००० रुपये आहे आणि चार महिन्यांनी कंटाळलात, तर उरले ८,०००, भुर्दंड ४,०००. एकाच फोटोसाठी घेणार असाल तर कराराविना मासिक प्लॅन घ्या. हप्ता मोठा दिसतो, पण महिन्यात सुटका होते. जुन्या व्हिडिओत सांगतात तो २० जीबीचा स्वस्त फोटोग्राफी प्लॅन शोधत बसू नका, जानेवारी २०२५ पासून तो नव्या ग्राहकांना मिळत नाही. आणि कुणी पेनड्राइव्हवर ‘क्रॅक’ देऊ केला तर नको म्हणा. व्हायरसचं सोडा, चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली गुन्हा आहे. धंद्यासाठी वापरलंत तर किमान दंडच ५०,००० रुपये.

संगणकाला रॅम ८ जीबी किमान, १६ असेल तर उत्तम. हिशोब सोपा आहे. १२ बाय १८ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, काढायची तर ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात. ८ बिटमध्ये एक भरलेला लेअर (एकावर एक ठेवलेला चित्राचा थर) सुमारे ५८ एमबी होतो, असे वीस लेअर झाले की सव्वा जीबीच्या आसपास. १६ बिट निवडलंत की दुप्पट. फोटोशॉपची लेअरसह राहणारी पीएसडी फाइल २ जीबीपुढे सेव्ह होत नाही, मग पीएसबी लागते. ८ बिटमध्येच काम करा आणि दर थोड्या वेळाने सेव्ह करा. वीज विचारून जात नाही.

खरी मेहनत फोटो काढण्यात आहे. तिथे जपलंत तर संगणकावरचं निम्मं काम वाचतं. चिंचणीचा किनारा पश्चिमेला. संध्याकाळी समुद्र टिपलात तर ऊन समोरून येतं, म्हणजे आजोबांच्याही पाठीमागूनच यायला हवं. त्यांचा फोटो सकाळी ओट्यावर, तोंडावर ऊन घेऊन काढलेला असेल, तर कितीही कारागिरी करा, ते चिकटवलेलेच दिसणार. सोपा उपाय: गड, समुद्र आणि आजोबा, तिन्ही ढगाळ दिवशी टिपा. सावल्यांचं भांडणच मिटतं. आजोबांना टेबलावर बसवा, पाय लोंबू द्या, मागे साधी चादर बांधा. मोबाइल तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर धरा, कारण डोंगराएवढा माणूस खालूनच दिसतो. पावलांचा वेगळा फोटो घ्या, घमेल्यात पाणी घेऊन घोटे बुडवून. पाण्याची कड घोट्याभोवती खरी मिळते. ती हाताने रंगवायला गेलात तर संध्याकाळ जाईल. जोडताना आजोबांचा वरचा भाग गडाइतकाच फिकट, निळसर करा. लांबची वस्तू धूसर दिसते, हे बहुतेक जण विसरतात.

चिंचणीला फोटो काढताना तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या दिशेने कॅमेरा रोखू नका, ड्रोनचं तर नावच नको. ढग, पक्षी, चंद्र हवा असेल तर पेक्सल्स, पिक्साबे, अनस्प्लॅश इथून मोफत घ्या. गूगलवर दिसला म्हणजे फोटो फुकट झाला असं नाही.

हे सगळं नको असेल तर बोईसर किंवा पालघरच्या स्टुडिओत द्या. तिथे ‘मिक्सिंग करायचंय’ एवढं म्हटलं की पुरतं. लग्नसराई आणि गणपतीच्या आधीचे दिवस टाळा. बॅनर आणि अल्बमच्या रांगेत तुमचं काम मागे पडतं. एरवी पावसाळ्यात दुकानं मोकळी असतात, दरातही घासाघीस चालते. कागदपत्रं काहीच लागत नाहीत, पण फोटो पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर तो दाबला जाऊन लहान होतो. जुना फोटो असेल तर मूळ प्रत सोडून येऊ नका, समोर उभं राहून ६०० डीपीआयने स्कॅन करून घ्या. २ बाय ३ इंचाचा फोटो तेवढ्याने ४ बाय ६ ला नीट छापता येतो. भिंतीएवढा होणार नाही, कुणी कितीही म्हणो.

दर ठरवताना विचारा: चेहऱ्यामागे की पूर्ण कामाचा? किती करेक्शन त्यातच? पहिलं फुकट, दुसऱ्यापासून दरवेळी पैसे, हा नेहमीचा सापळा. प्रिंट, लॅमिनेशन, फ्रेम, ‘अर्जंट’ हे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी लावला तर बिलावर दुकानाचा १५ अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवाच, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. क्रमांक नाही तर जीएसटीही नाही. अडलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

प्रिंट कागदावर की फ्लेक्सवर, हे आधी ठरवा. फ्लेक्स लांबून बघायचं असल्याने १०० डीपीआयलाही चालतं, दर चौरस फुटाने लागतो. २ बाय ३ फूट म्हणजे ६ चौरस फूट, पण किमान आकार विचारून घ्या. दुकान तयार चित्राची फाइल देतं, लेअरवाली पीएसडी बहुतेकदा देत नाही. ती हवी असेल तर आगाऊ रक्कम देतानाच पावतीवर ‘पीएसडीसह’ लिहून घ्या, आणि शेवटचे पैसे ती पेनड्राइव्हवर आल्यावर, उघडून बघितल्यावरच द्या.