शहरांची आकाशरेषा

(गगनचुंबी इमारतींमुळे अमेरिकेतील काही शहरे जगभर प्रसिद्ध झाली आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रभावी शहर कोणते, हे कसे ठरवावे? प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.)

मित्रांनो, संध्याकाळच्या वेळी गावाबाहेर उभे राहून तुम्ही कधी गावाकडे पाहिले आहे का? घरे, झाडे, मशिदीचे मिनार, देवळाचे कळस, पाण्याची टाकी या सर्वांची मिळून एक काळी रेघ आकाशावर ओढल्यासारखी दिसते. या रेघेला आकाशरेषा म्हणतात. माणसाला जसा चेहरा असतो, तशी शहराला आकाशरेषा असते.

उंच इमारतींची आकाशरेषा प्रथम अमेरिकेत तयार झाली. कोणत्या शहराची आकाशरेषा सर्वांत प्रभावी, हा वाद तेथे नेहमी रंगतो. कोणी न्यूयॉर्कचे नाव घेतो, कोणी शिकागोचे, तर कोणी सॅन फ्रान्सिस्कोचे. चला, आज आपणही या शहरांना क्रमांक देऊया. पण गुण कशासाठी द्यायचे, हे आधी ठरवले पाहिजे. आपण तीन प्रश्न विचारू. इमारती किती उंच आहेत? त्या बांधताना माणसाने कोणती नवी युक्ती शोधली? आणि त्यांच्या पायथ्याशी चालणाऱ्या सामान्य माणसाला उजेड व मोकळी जागा मिळते का?

प्रथम न्यूयॉर्क पाहू. या शहराचा मुख्य भाग मॅनहॅटन नावाच्या अरुंद बेटावर आहे. जागा थोडी आणि माणसे फार! म्हणून इमारती वर वर चढत गेल्या. 1930 साली तेथे 319 मीटर उंचीची क्रायस्लर बिल्डिंग उभी राहिली. पुढच्याच वर्षी 102 मजल्यांची आणि 381 मीटर उंचीची एम्पायर स्टेट बिल्डिंग पुरी झाली. तिच्या बांधकामाला एक वर्षाहून थोडाच अधिक काळ लागला.

परंतु उंच भिंतींमुळे रस्त्यांवर अंधार पडू लागला होता. म्हणून 1916 साली या शहराने एक कायदा केला. इमारत जसजशी वर जाईल, तसतशी ती मागे सरकली पाहिजे, असे त्यात ठरले. तेथील अनेक जुन्या इमारती जिन्याच्या पायऱ्यांसारख्या का दिसतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. तो आकार खालच्या रस्त्याला उजेड मिळावा म्हणून आला.

या शहराच्या आकाशरेषेवर एक जखमही झाली. 11 सप्टेंबर 2001 रोजी दहशतवाद्यांनी विमाने आदळवून तेथील दोन जुळे मनोरे पाडले. त्या दिवशीच्या हल्ल्यांत सुमारे तीन हजार माणसे मरण पावली. त्याच परिसरात 2014 साली नवा मनोरा खुला झाला. त्याची उंची 541 मीटर, म्हणजेच 1776 फूट आहे. 1776 हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेचे वर्ष होय.

आता शिकागोला जाऊ. 1871 साली या शहराला भीषण आग लागली. सुमारे तीनशे माणसे दगावली आणि जवळजवळ एक लाख लोक बेघर झाले. त्या राखेतून शहर पुन्हा उभे राहिले. 1885 साली तेथे होम इन्शुरन्स नावाची दहा मजली इमारत झाली. पूर्वी इमारतीचा भार जाड भिंती उचलत. या इमारतीत तो मुख्यतः लोखंड व पोलाद यांच्या सांगाड्याने उचलला. आपल्या शरीराचा भार हाडे उचलतात, कातडी नव्हे; तसेच हे झाले. ही इमारत 1931 साली पाडली गेली. पण तिची युक्ती जगभर पसरली.

याच शहरात पुढे एका मोठ्या इंजिनिअरने काम केले. त्यांचे नाव फजलूर रहमान खान. त्यांचा जन्म 1929 साली ढाका येथे झाला. 1952 साली ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. इमारत जितकी उंच, तितका वाऱ्याचा मारा जास्त. या वाऱ्याला तोंड कसे द्यावे, या प्रश्नाचा खान यांनी ध्यास घेतला. काठ्यांच्या मोळीची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे ना? एकटी काठी मोडते, मोळी मोडत नाही. खान यांनी नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना जोडून जणू पोलादाची मोळीच बांधली. तीच शिकागोची 442 मीटर उंचीची सिअर्स टॉवर. 1974 साली पुरी झालेली ही इमारत 1998 पर्यंत जगात सर्वांत उंच होती. 2009 पासून तिचे नाव विलिस टॉवर आहे. 1982 साली खान यांचे निधन झाले. पण त्यांनी शोधलेल्या रीतींचा उपयोग आजही जगभरचे इंजिनिअर करतात.

शिकागोची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथील सरोवराच्या काठावर इमारती बांधण्याचा घाट घातला जात होता. माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. 1890 ते 1911 अशी वीस वर्षे तो लढला आणि जिंकला. म्हणून आजही काठावर मोठी बाग आहे. तेथे कोणीही फुकट फिरू शकतो आणि तेथूनच शहराची आकाशरेषा डोळे भरून पाहू शकतो.

सॅन फ्रान्सिस्को हे टेकड्या आणि खाडी यांचे शहर. 1906 साली भूकंपाने व आगीने ते उद्ध्वस्त झाले. तरीही 1972 साली तेथे 260 मीटर उंचीचा ट्रान्सअमेरिका पिरॅमिड उभा राहिला. वर निमुळता असल्यामुळे तो खालच्या रस्त्यांचा उजेड कमी अडवतो. 1989 च्या भूकंपात तो डोलला, पण शाबूत राहिला.

राजधानी वॉशिंग्टन मात्र या स्पर्धेत नाही. तेथे इमारतींच्या उंचीवर 1910 च्या कायद्याने मर्यादा घातली आहे. त्यामुळे संसदेचा घुमट दुरूनही दिसतो. उंच न होणे हाही शहराचा निर्णय असू शकतो.

तर मग क्रमांक कसे द्यावेत? केवळ उंची पाहिली, तर न्यूयॉर्क पहिले. पण तिन्ही प्रश्नांचे गुण एकत्र केले, तर आम्ही पहिला क्रमांक शिकागोला देऊ, दुसरा न्यूयॉर्कला आणि तिसरा सॅन फ्रान्सिस्कोला. तुमचे मत वेगळे असेल, तर अवश्य मांडा. मात्र त्याचे कारणही सांगा. फूटपट्टीने इमारत मोजता येते. शहर मोजायचे, तर त्याने संकटानंतर काय उभारले आणि सर्वांसाठी काय मोकळे ठेवले, हे पाहावे लागते.

शब्दार्थ
गगनचुंबी – आकाशाला भिडणारी, फार उंच
ध्यास घेणे – एकाच गोष्टीचा सतत विचार करणे
दाद मागणे – न्याय मागणे
घाट घालणे – बेत करणे
निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा
शाबूत – न मोडलेला, सुरक्षित

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आकाशरेषा म्हणजे काय?
(आ) फजलूर रहमान खान यांचा जन्म कोठे झाला?
2. कारणे लिहा.
(अ) न्यूयॉर्कमधील अनेक जुन्या इमारती पायऱ्यांसारख्या दिसतात.
(आ) शिकागोच्या सरोवराकाठी आजही बाग आहे.
3. तुम्ही कोणत्या शहराला पहिला क्रमांक द्याल? का? पाच-सहा वाक्यांत लिहा.