पासिंग आणि रिकामा काटा

मालवाहू गाडीच्या पासिंगमध्ये तीन वजने पाहिली जातात: रिकाम्या गाडीचे, मालासह एकूण आणि प्रत्येक ॲक्सलवरचे. तिन्ही आरसी बुकात नोंदलेली असतात. एकूण वजनातून रिकामे वजन वजा केले की उरतो तो कायदेशीर माल. पासिंग आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचे दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

भरलेल्या गाडीने नोंदलेले एकूण वजन ओलांडू नये, हे चालकमालकांना पाठ असते. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 113 रिकाम्या गाडीलाही तेच बंधन घालते, हे मात्र हौदा बांधणारे सांगत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या ट्रकचा सडलेला हौदा बदलताना कारागिराने जाड पत्रा वापरला, फाळके उंच केले, खालचे चॅनेल वाढवले आणि ‘वजन तेवढेच राहील’ असा शब्द दिला. पासिंगच्या वेळी काट्याची पावती हातात आली तेव्हा रिकामे वजन नोंदीपेक्षा कित्येक क्विंटल जास्त होते. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या हौद्याने तेवढाच माल कायमचा खाल्ला होता. विचारणा केल्यावर कारागिराने आधी काट्याला दोष दिला, मग ‘सगळ्यांच्या अशाच पास होतात’ म्हणाला, शेवटी फोन उचलणे बंद केले. शब्द त्याचा, भुर्दंड मालकाचा.

जादा वजन ब्रेकच्या चाचणीतही आडवे येते. रोलरवर मोजलेला ब्रेकचा जोर गाडीच्या वजनाच्या टक्केवारीत काढतात. लायनर झिजलेले असतील तर जड हौद्याने ती घसरते.

हौदा बदलण्यापूर्वी व नंतर एकाच काट्यावर वजन करावे. दोन्ही वेळा डिझेलची पातळी सारखी असावी. ताडपत्री, दोर, जॅक उतरवलेले असावेत. ठरलेले वजन बिलावर लिहून घ्यावे आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या काट्यानंतरच द्यावा. बदलाला आरटीओची परवानगी घ्यावी. 

जादा वजन चालून जाईल असे सांगताना एजंट जुलै 2018 च्या अधिसूचनेचा दाखला देतात. तिने दोन ॲक्सलच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टन केली, हे खरे. पण आरसी बुकात 16,200 किलो असतील तर काट्यावर तोच आकडा धरला जातो. त्यावर गेल्यास कलम 194 नुसार 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड होतो आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकाकडूनच घेतला जातो.