खेळातील चिकाटी आणि छातीचे दुखणे : फ्लो हायमनकडून काय शिकावे



"पोर मैदानावर खेळते, म्हणजे तब्येत ठणठणीतच असणार," असे आपण सहज म्हणून जातो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण प्रत्येक वेळी नाही. या अंकात आम्ही अमेरिकेतील एका व्हॉलीबॉलपटूची माहिती देत आहोत. तिची चिकाटी प्रत्येक घरात सांगावी अशी आहे, आणि तिचा मृत्यू कसा झाला हे त्याहून जास्त समजून घ्यावे असे आहे.

फ्लोरा जीन हायमन, म्हणजेच फ्लो, हिचा जन्म ३१ जुलै १९५४ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. आठ भावंडांतील ती दुसरी. वडील रेल्वेत सफाईचे काम करत, आई लहानसे खानावळवजा दुकान चालवायची. आफ्रिकन-अमेरिकन कष्टकरी कुटुंब. बाराव्या वर्षीच फ्लोची उंची सहा फुटांच्या आसपास गेली आणि पुढे ती सहा फूट पाच इंचांवर थांबली. एवढ्या उंचीचा तिला फार संकोच वाटे. "एवढी उंच पोर, हिचे कसे होणार?" हा घोर आपल्याकडच्या आयांनाही लागतोच. फ्लोने त्याच उंचीचा उपयोग नेटवर करायचा ठरवला.

अमेरिकेत १९७२ साली 'टायटल नाइन' नावाचा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही, असा तो कायदा. त्यानंतर मुलींच्या खेळांकडे महाविद्यालयांना लक्ष द्यावे लागले. ह्यूस्टन विद्यापीठाने खेळासाठी शिष्यवृत्ती दिलेली पहिली मुलगी फ्लो हायमन होती. तिथे तिने देशातील उत्तम महाविद्यालयीन खेळाडूंमध्ये स्थान मिळवले आणि मग पूर्ण वेळ राष्ट्रीय संघासाठी दिला.

आता तिची चिकाटी पाहा. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा महिला संघ पात्रच ठरला नाही. प्रशिक्षक अॅरी सेलिंजर यांच्या हाताखाली मुलींनी पुन्हा वर्षानुवर्षे सराव केला. १९८० साठी संघ पात्र ठरला, तर अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजांच्या निषेधार्थ अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. खेळाडूंचा काही दोष नव्हता, तरी चार वर्षांची मेहनत वाया गेली. फ्लो थांबली नाही. १९८२ च्या जागतिक स्पर्धेत संघाला कांस्यपदक मिळाले आणि १९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, तिच्याच गावात, रौप्यपदक. अंतिम सामन्यात चीन जिंकला. फ्लोचे वय तेव्हा ३० होते.

पदक मिळाल्यावर ती घरी बसली नाही. १९८४ च्या न्यायालयीन निकालामुळे टायटल नाइनचा जोर कमी झाला होता. ज्या विभागाला थेट सरकारी पैसा मिळतो त्यालाच कायदा लागू, असा त्या निकालाचा अर्थ होता. क्रीडा विभाग त्यातून निसटत होते. कायदा पुन्हा बळकट करावा म्हणून १९८५ साली फ्लो वॉशिंग्टनला गेली. नवा कायदा १९८८ मध्ये झाला, पण तो पाहायला ती उरली नव्हती.

२४ जानेवारी १९८६. जपानमधील मात्सुए शहर. फ्लो तिथल्या डाएई संघाकडून खेळत होती. बदली खेळाडू आत गेली म्हणून ती बाहेर येऊन बाकावर बसली, आपल्या संघाला धीर देत होती. काही क्षणांतच ती बाकावरून खाली घसरली. वय अवघे ३१.

आधी सगळ्यांना वाटले, हृदयविकाराचा झटका आला. घरच्यांनी मात्र शवविच्छेदनाचा आग्रह धरला. त्यात कळले की तिला 'मार्फन सिंड्रोम' हा जन्मजात आजार होता आणि हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, फाटली होती. त्याच जागी आधी एक चीर पडून ती भरू लागल्याच्या खुणाही आढळल्या. बाकी हृदय धडधाकट होते. त्यानंतर तिच्या एका भावाची तपासणी झाली. त्यालाही हाच आजार निघाला आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली. घरच्यांनी कारण शोधले म्हणून दुसरा जीव वाचला.

हा आजार काय आहे?

आपल्या शरीरातील हाडे, सांधे, डोळे, रक्तवाहिन्या यांना धरून ठेवणारा एक धागा असतो. तो बनवणाऱ्या जनुकात बिघाड झाला की धागा कच्चा राहतो. महाधमनीची भिंत हळूहळू फुगते, पातळ होते आणि एक दिवस फाटू शकते. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत मात्र घरात आधी कोणालाच नसतो. हा कोणाच्या नजरेचा, वागण्याचा किंवा नशिबाचा प्रकार नाही.

घरी काय पाहावे?

१. दोन्ही हात आडवे पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. उंची १६० सेंमी असेल आणि हातांचा पल्ला १६८ सेंमीपेक्षा जास्त भरला, तर नोंद करा.

२. अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटा. अंगठ्याचे पूर्ण नख करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावते का?

३. एका हाताने दुसरे मनगट वेढा. अंगठा करंगळीच्या पूर्ण नखावर चढतो का?

४. छातीचे हाड आत गेलेले किंवा पुढे आलेले, पाठीचा कणा वाकडा, तळपाय सपाट, लहानपणापासून मोठ्या नंबरचा चष्मा.

यातले एखादे लक्षण दिसले म्हणून घाबरू नका. उंच, सडपातळ मुली बहुतेक अगदी निरोगी असतात. दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते तेव्हा त्यांनाही सांगा. 'टू-डी इको' ही छातीवरून करायची, न दुखणारी तपासणी आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ती होते. डोळ्यांची तपासणीही करून घ्यावी.

आजार निघाला तर उपाय आहेत. महाधमनीवरचा ताण कमी करणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, ठरलेल्या वेळी इको करावा लागतो, आणि महाधमनी फार फुगली तर फाटण्याआधी शस्त्रक्रिया करता येते. स्पर्धेचे खेळ आणि जड वजन उचलणे बहुधा बंद करावे लागते, पण चालणे, हलका व्यायाम डॉक्टरांना विचारून करता येतो. अशा मुलीने लग्नानंतर दिवस राहण्याआधी हृदयाची तपासणी जरूर करावी, कारण गरोदरपणात महाधमनीवर ताण वाढतो.

चिकाटी कुठे आणि तपासणी कुठे?

वॉर्डात काम करताना आम्ही नेहमी पाहिले की आपल्या मुलींना सहन करायला फार लवकर शिकवले जाते. पाय दुखला, सांगू नको. चक्कर आली, पाणी पी आणि उभी राहा. सरावाने अंग दुखते ते वेगळे. ते विश्रांतीने बरे होते. पण खेळता खेळता शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, धडधड वाढून न थांबणे, बरोबरीच्या मुलींपेक्षा खूप आधी धाप लागणे, या चार गोष्टी सहन करायच्या नाहीत. खेळ तिथेच थांबवायचा आणि तपासणी झाल्याशिवाय पुन्हा मैदानात उतरायचे नाही. छातीत किंवा पाठीत, खांद्यांच्या मधोमध, एकदम फाटल्यासारखी कळ आली तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा.

कोणी मैदानावर कोसळले, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात सुमारे ५ सेंमी खोल दाब देत राहावे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. वस्तीतील प्रत्येक संघात निदान दोघांनी हे शिकून ठेवावे.

ही माहिती वाचून मुलींचा खेळ बंद करू नका, एवढी विनंती. फ्लो हायमन दोन ऑलिंपिक हुकल्यावरही तिसऱ्यासाठी उभी राहिली, ती चिकाटी आपल्या मुलींमध्ये यावी. तिला मिळाली नाही ती तपासणीही आपल्या मुलींना मिळावी. नवा हंगाम सुरू होण्याआधी संघातल्या प्रत्येक मुलीची वर सांगितलेली मापे वहीत लिहून घ्या, आणि शंका वाटेल तिला मैदानाआधी दवाखान्यात न्या.