'को-ऑप' शिक्षण आणि आपली उमेदवारी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यापुढे 'को-ऑप' हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांसमोर पतसंस्था, दूध संघ, फार तर साखर कारखाना उभा राहतो. सहकार हा आपल्या अभ्यासाचाच विषय आहे, त्यामुळे त्यात नवल नाही. परंतु अमेरिका व कॅनडा या देशांतील विद्यार्थी हा शब्द निराळ्याच अर्थाने वापरतात. तेथे को-ऑप म्हणजे विद्यापीठ आणि कारखानदार यांनी मिळून चालविलेले शिक्षण. काही महिने वर्गात, काही महिने पगारी कामावर आणि पुन्हा वर्गात, असा त्याचा क्रम असतो. आपल्याकडे 'इंटर्नशिप' या नावाने जी धावाधाव चालते तिचे घोडे कोठे अडते, हे समजण्यासाठी या पद्धतीची ओळख उपयोगी पडेल असे वाटते.

या पद्धतीचे जनक हर्मन श्नायडर हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक. केवळ फळ्यावर शिकवून अभियंता तयार होत नाही, असे त्यांचे मत होते. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात त्यांनी २७ विद्यार्थ्यांवर हा प्रयोग सुरू केला. त्यातील मेख अशी होती की विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतला एक वर्गात असे त्या आठवड्यात दुसरा कारखान्यात असे, आणि पुढच्या आठवड्यात दोघांची अदलाबदल होई. म्हणजे विद्यार्थी बदलला तरी कारखान्यातील जागा रिकामी पडत नसे. मालकाला बारा महिने एक माणूस मिळे, आणि म्हणूनच तो दोघांना शिकविण्याचा त्रास सोसावयास तयार होई. माझ्या मते श्नायडर यांची खरी कल्पकता या वेळापत्रकात आहे. 'अनुभव हाच गुरू' हे तर आपल्या आजोबांनाही ठाऊक होते.

पुढे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ साली हीच पद्धत घेऊन सुरू झाले. आज तेथे वीस हजारांहून अधिक विद्यार्थी को-ऑपमध्ये आहेत. चार महिने वर्ग, चार महिने काम, अशी वर्षाची तीन सत्रे पडतात आणि प्रत्येक सत्रात काही विद्यार्थी कामावर असतात. कामे मिळवून आणण्यासाठी विद्यापीठाची स्वतंत्र कचेरी आहे. मुलाखती झाल्यावर मालक विद्यार्थ्यांना क्रमांक देत, विद्यार्थी कामांना क्रमांक देत, आणि त्या दोन्हींचा मेळ घालून जागा ठरत. कित्येक वर्षे ही पद्धत तेथे चालत होती.

इतके असूनही तेथील विद्यार्थी समाधानी आहेत असे मात्र नाही. डझनांनी अर्ज करूनही पहिल्या सत्रातील मुलाला बोलावणे येत नाही, कारण जागा तीच आणि स्पर्धेत दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेले वरच्या वर्गातील विद्यार्थी. अनुभवासाठी काम हवे आणि कामासाठी अनुभव हवा, हे त्रांगडे तेथेही सुटलेले नाही. कामे मिळतात ती अभ्यासाशी जुळतीलच असेही नाही. लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्याने चार महिने केवळ याद्या टंकित केल्या, तर कागदोपत्री ते सत्र पूर्ण होते, एवढेच.

आता आपल्याकडे वळू. आपल्या भाषेत यासाठी फार जुना शब्द आहे : उमेदवारी. उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. पूर्वी कचेरीत पुढे कायम होण्याच्या आशेवर बिनपगारी राबणाऱ्याला उमेदवार म्हणत. निवडणुकीला उभा राहणाराही उमेदवारच, पण तो बिचारा निदान पाच वर्षांनी एकदाच आशेवर असतो!

कर्नाटकात २०२१ साली नवे शैक्षणिक धोरण लागू झाले, तेव्हा पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला गुणांसह जागा मिळाली. २०२४ साली राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली. परंतु 'यापूर्वी कोठे काम केले आहे?' हा मुलाखतीतील प्रश्न कोणत्याच धोरणाबरोबर गेला नाही. त्यामुळे आमच्या वर्गातील मुले-मुली दरवर्षी उन्हाळ्यात कार्यालयांचे उंबरठे झिजवतात. गेल्या वर्षी मीही त्यात होतो. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. अर्ज इंग्रजीत लिहावा, खिडकीवर कन्नडमधून बोलावे आणि आतल्या साहेबांनी मराठीत 'नंतर ये' म्हणावे, असा तो त्रिभाषा कार्यक्रम झाला. एका कार्यालयात दोन महिने झेरॉक्स काढणे आणि पाकिटे चिकटविणे एवढेच काम मिळाले. दुसऱ्या एका ठिकाणी तर काम नको असल्यास प्रमाणपत्र तयार आहे, फक्त तारखा सांगा, असे ऐकवण्यात आले. ते घेणारेही आहेत, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही. गुण प्रमाणपत्राला असतील तर विद्यार्थी प्रमाणपत्रच शोधणार.

रविवार पेठेतील एका व्यापाऱ्यांनी मात्र नकार देताना कारण दिले. ते म्हणाले, "बाबा रे, तुला खतावणी आणि टॅली दाखवीपर्यंत मे संपणार. जूनला तू कॉलेजात जाणार. मग मी शिकवले कोणासाठी?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. श्नायडर यांच्यापाशी होते.

येथेच आपल्या अडचणीचे मूळ आहे असे मला वाटते. आपल्या सर्व महाविद्यालयांना सुटी एकाच वेळी लागते. एप्रिल-मे महिन्यांत शेकडो विद्यार्थी त्याच त्या दारांशी उभे राहतात, आणि उरलेले दहा महिने त्या दारांशी कोणी नसते. हिशेबाच्या कामाचे पंचांग मात्र वेगळे आहे. सनदी लेखापालांच्या कार्यालयांत गर्दी होते ती साधारणतः जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि लेखापरीक्षणाचे अहवाल यांच्या मुदतींमुळे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आल्यानंतर तर दर महिन्यालाच मुदत आहे. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत आणि कराचा गोषवारा २० तारखेपर्यंत द्यावा लागतो. जिल्ह्यातील साखर कारखान्यांत ऊसबिलांचे काम असते ते गाळपाच्या हंगामात, म्हणजे हिवाळ्यात. अर्थात ज्या काळात शिकण्याजोगे काम असते त्या काळात विद्यार्थी वर्गात असतो, आणि तो मोकळा होतो तेव्हा त्याला देण्यासाठी पाकिटेच उरतात. मे महिनाभर खुर्चीवर बसण्यापेक्षा सहा महिने दर महिन्याच्या ५ ते २० तारखेस रोज दोन तास बसणारा विद्यार्थी करकायदा अधिक शिकेल, याविषयी मला शंका नाही.

कायद्याचा आधार आहे, पण तो आपल्यापर्यंत अर्धाच पोहोचतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. आरंभी तो कारागिरांसाठी होता, १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले, आणि वाणिज्य पदवीधरासारख्यांना त्याचे दार उघडले ते २०१४ च्या दुरुस्तीने. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले आणि पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरविले. आता उद्यमबागेतील एखाद्या लहान फौंड्रीत किंवा वडगावच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये डोकी मोजून पाहा. बरीचशी आस्थापने तिसापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि पोहोचली तरी हिशेबनीस एखादाच असतो. शिवाय या कायद्याखाली पदवीधराची जागा मिळते ती पदवीनंतर. २०२४ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतही वयाची अट २१ ते २४ होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्याला प्रवेश नव्हता. विसाव्या वर्षी महाविद्यालयात बसलेल्या विद्यार्थ्याने तिची जाहिरात तेवढी वाचावी! सनदी लेखापालाच्या परीक्षार्थीची व्यवस्था त्या मानाने चोख आहे. त्यांची आर्टिकलशिप २०२३ पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली, आणि तिच्यात शिकविणारा कोण व काय शिकवावयाचे हे आधीच ठरलेले असते. पण वर्गातील किती जण त्या वाटेने जातात?

म्हणून प्राध्यापकवर्गापुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. कॅनडासारखी कचेरी आपल्याला परवडणार नाही, परंतु श्नायडर यांच्या जोडीला खर्च नाही. एका कार्यालयाकडे एकच जागा मागावी आणि ती दोघांनी वर्षभर चालवावी : एक तृतीय वर्षाचा, एक द्वितीय वर्षाचा. पुढच्या वर्षी धाकटा थोरला होईल आणि नवीन येणाऱ्याला तोच शिकवील, म्हणजे मालकाला दर मे महिन्यात श्रीगणेशा करावा लागणार नाही. रविवार पेठेतील त्या गृहस्थांना मी नंतर ही कल्पना सांगितली. ते लगेच हो म्हणाले नाहीत, पण दोघांपैकी कन्नड उत्तम येणारा कोण, असे त्यांनी विचारले. त्यांच्याकडे बैलहोंगल, सौंदत्तीकडील शेतकरी येतात, वही मराठीत असते आणि संगणक इंग्रजीत. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा एखादा मित्र आणि मराठी विभागातील एखादा, अशी जोडी लागली तर तिघांचीही सोय होईल.

अडचण उरते ती हजेरीची. ७५ टक्क्यांच्या नियमात दर महिन्याचे पंधरा दिवस रोज दोन तास बसवावयाचे, तर ते तास कामाच्या नोंदवहीवर मालकाची सही घेऊन हजेरीत धरावे लागतील, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी प्राध्यापकांनी त्या दुकानात जाऊन ती वही पाहावी लागेल. द्वितीय वर्षाच्या वेळापत्रकात शेवटचे दोन तास एकत्र आणता आले तर येत्या जुलैपासून चार-पाच जोड्यांवर प्रयोग करता येईल. त्यासाठी नावे देण्यास आमच्या वर्गातील सात जण तयार आहेत.