पिल्लांनी ऊब केव्हा सोडावी?

खुडूक कोंबडीने उबवलेल्या पिल्लांच्या बाबतीत हा प्रश्न कोणास पडत नाही. गारठा वाटला की पिल्ले आईच्या पंखाखाली शिरतात, ऊब मिळाली की बाहेर येतात. पुढे ती मोठी झाली की कोंबडी त्यांना टोचून दूर करते. उबवणी केंद्रातून आणलेल्या पिल्लांना मात्र अशी आई नसते. त्यांना दिव्याची ऊब द्यावी लागते आणि ती केव्हा थांबवावयाची हे पालकास ठरवावे लागते. या निर्णयात घाई झाली, तर महिनाभर सांभाळलेली पिल्ले दोन-तीन रात्रींत दगावतात. परसातील कुक्कुटपालनावर मीठ-मिरचीचा खर्च भागविणाऱ्या कुटुंबास ही हानी सोसणारी नसते.

चार आठवड्यांचा नियम पुरेसा आहे काय?

ग्रामीण परसातील कुक्कुटपालनाच्या शासकीय योजनेत, मातृ-संगोपन केंद्रात सुमारे चार आठवडे वाढविलेली पिल्ले लाभार्थींना द्यावीत, अशी पद्धत आखण्यात आली. तिच्यामागील हेतू योग्यच होता, कारण पहिले आठवडे सर्वांत नाजूक असतात. परंतु चार आठवडे ही सरासरी आहे. हवामान मात्र सर्वत्र सारखे नसते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यानंतर दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी कमी करीत जातात. या हिशेबाने चौथ्या आठवड्यात पिल्लू सुमारे २६ अंशांना सरावलेले असते. एप्रिलमधील कोकणात रात्रीची हवा याच्या जवळपास असते. तेथे चार आठवड्यांचे पिल्लू निर्धास्तपणे बाहेर राहू शकेल. परंतु डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या परिसरात रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो. तेथे तेच पिल्लू एका रात्रीत १५ अंशांहून अधिक फरकास तोंड देईल. अशा वेळी पाच ते सहा आठवडे थांबणेच हिताचे ठरते. पावसाळ्यातील ओल आणि गार वारा यांचाही असाच विचार करावा.

दिनदर्शिका नव्हे, पिल्लू पाहावे

निर्णय घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट पिसांची. जन्मतःची मऊ लव पिल्लास ऊब देण्यास पुरत नाही. भिजली तर ती निरुपयोगीच होते. पंखांवरील पिसे लवकर येतात व त्यामुळे पिल्लू मोठे झाल्याचा भास होतो. म्हणून पिल्लू हातात घेऊन पाठ आणि छाती पाहावी. तेथे पिसांचे आवरण पूर्ण झाले नसेल, तर थांबावे.

दुसरी गोष्ट वर्तनाची. दिव्याखाली दाटीने बसून चिवचिवाट करणारी पिल्ले थंडी वाजत असल्याचे सांगतात. दिव्यापासून दूर जाऊन, चोच उघडी टाकून धापा टाकणारी पिल्ले उष्णता अधिक झाल्याचे सांगतात. दिवा बंद असतानाही ती रात्री सर्वत्र पसरून शांत झोपू लागली, म्हणजे त्यांची ऊबेची गरज संपली.

तिसरी गोष्ट आरोग्याची. राणीखेत व गंबोरो रोगांच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे झालेल्या असाव्यात. पंख पाडून बसणारी वा हगवण लागलेली पिल्ले इतरांबरोबर हलवू नयेत. त्यांना वेगळे ठेवून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. लस देणे, खाद्य बदलणे आणि जागा बदलणे ही तिन्ही कामे एकाच दिवशी केल्यास पिल्लांवर फार ताण पडतो.

मात्र अकारण उशीर करणेही हानिकारक आहे. वाढत्या पिल्लांची ब्रूडरमध्ये गर्दी होते, तुसाची गादी ओली होते, तीतून उग्र वायू सुटतो आणि रक्ती हगवणीस वाव मिळतो. पिल्ले एकमेकांस टोचू लागतात. चार आठवड्यांनंतर प्रत्येक पिल्लास साधारण एक चौरस फूट जागा द्यावी.

टप्प्याटप्प्याने बदल

हलविण्यापूर्वी आठवडाभर, दव वाळल्यानंतर पिल्लांना तासभर जाळीच्या आवारात सोडावे व हा वेळ रोज वाढवावा. घार, कावळा व मांजर यांच्यावर लक्ष ठेवावे. याच काळात रात्री दिवा थोडा थोडा वेळ बंद ठेवावा. उजेडास सरावलेली पिल्ले एकदम अंधारात पडली की घाबरून कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. पुष्कळदा थंडीने मेली असे समजली जाणारी पिल्ले अशा ढिगाखाली मेलेली असतात. खुराड्याचे कोपरे गोणपाटाने गोलाकार केल्यास हा धोका बराच टळतो.

खुराडे जमिनीपासून उंच व कोरडे असावे. जाळी अर्ध्या इंचाची असावी, म्हणजे मुंगूस व घूस आत शिरणार नाही. वाऱ्याची बाजू गोणपाटाने झाकावी, परंतु वरचा भाग हवेसाठी मोकळा ठेवावा. पिल्ले सकाळी हलवावीत. पहिले दोन-तीन दिवस खुराड्यातच ठेवावीत, म्हणजे तेच आपले घर हे त्यांना कळते. खाद्य व पाण्याची भांडी पूर्वीचीच वापरावीत. पहिल्या तीन रात्री झोपण्यापूर्वी व पहाटे एकदा पाहणी करावी. मोठ्या कोंबड्यांत ती लगेच मिसळू नयेत.

गावपातळीवर काय करता येईल?

पिल्लांच्या वाटपाची तारीख ठरविताना त्या भागातील रात्रीचे तापमान विचारात घेण्याचा आग्रह ग्रामपंचायत सदस्यांना धरता येईल. थंडीत वाटप अटळ असेल, तर लाभार्थ्यास आणखी पंधरा दिवस ऊब देण्याची पद्धत आधी समजावून सांगावी आणि पिल्ले सायंकाळी न देता सकाळीच द्यावीत. शाळेत किमान तापमानाची रोज नोंद घेऊन ती फलकावर लिहिण्याचे काम विद्यार्थी आनंदाने करतील. त्यांना विज्ञानाचा पाठ मिळेल आणि गावास उपयुक्त माहिती.

वाटलेल्या पिल्लांची संख्या कागदावर नोंदली जाते. परंतु योजनेचे यश, त्यांपैकी किती पिल्ले अंडी देण्याच्या वयास पोहोचली, यावरच मोजावयास हवे.